चित्र स्वच्छ, पण मौनाचं मिनिट वाया घालवलं

फुटबॉल दाखवणाऱ्या या ॲपचं चित्र स्वच्छ आहे, मध्येच अडकत नाही. राग एकाच गोष्टीचा. सामन्याआधी श्रद्धांजलीच्या मिनिटभर मौनासाठी खेळाडू मधल्या वर्तुळापाशी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे राहिले, रेफरीने शिट्टी वाजवली, तरी समालोचक बोलतच राहिला. मिनिट संपायच्या आत जाहिरात! ज्याच्यासाठी सगळं मैदान उभं आहे, त्याचं नाव तरी पडद्यावर ठेवायचं.

मौनापेक्षा टाळ्या बऱ्या, असं हल्ली ऐकू येतं. २००५मध्ये मँचेस्टर युनायटेडचा जुना खेळाडू जॉर्ज बेस्ट गेला तेव्हा टाळ्या वाजल्या आणि त्या शोभल्याही. त्याचा खेळच तसा होता. पण अपघातात गेलेल्यांसाठी टाळ्या मला पटत नाहीत. युनायटेडचे खेळाडू ज्यात गेले, त्या म्युनिक विमान अपघाताला ५० वर्षं झाली म्हणून फेब्रुवारी २००८मध्ये युनायटेडच्या मैदानावर, ओल्ड ट्रॅफर्डवर, मौन पाळलं. समोर मँचेस्टर सिटी. त्यांचे प्रेक्षक गोंधळ घालतील अशी धास्ती होती, पण त्यांनी मौन नीट पाळलं. सिटीचा जुना गोलकीपर फ्रँक स्विफ्टही त्याच अपघातात गेला होता. कट्टर प्रतिस्पर्ध्यांनी दिलेला हा मान टाळ्यांच्या कडकडाटात कळलाच नसता.

ॲपवाल्यांनो, त्या मिनिटाला फक्त मैदानाचा आवाज ठेवा. तूर्त तीन तारे. एवढं सुधारलंत तर चौथा आनंदाने देईन.