प्रांताकडे की कोर्टात? म्हाताऱ्या आईबापांसाठी दोन वाटा

पोरं मुंबईला, घराला कुलूप नाही एवढंच. आत आई एकटी. गणपतीला चाकरमानी येतात, बागेच्या कागदांवर सही घेतात आणि परत जातात. दापोलीपासून मालवणापर्यंत हे चित्र नवं नाही. अशा आईला दाद मागायला दोन वाटा आहेत.

पहिली 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याची. मुलांकडून निर्वाह, म्हणजे पोटापाण्याचा खर्च, मिळावा म्हणून अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा. वकिलाची गरज नाही. नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत निकाल, फार तर आणखी 30. मूलबाळ नसेल तर वारसा मिळणाऱ्या नातेवाइकाकडूनही निर्वाह मागता येतो. पण खरी ताकद कलम 23 मध्ये. सांभाळण्याच्या अटीवर आंब्याच्या कलमांची बाग बक्षीसपत्राने दिली आणि मुलाने पाठ फिरवली, तर ते बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं. म्हणून अट कागदावर लिहूनच घ्या. ‘आपलाच झील (मुलगा), कशाला लिहायचं’ इथेच घात होतो. खोट एकच, पण मोठी: मूळ कायद्यात निर्वाहाची रक्कम महिना 10,000 रुपयांच्या वर जात नाही.

दुसरी वाट प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याचं) कलम 144. रकमेला कमाल मर्यादा नाही. मात्र तारखा, वकील, एसटीचे हेलपाटे. बागेचा प्रश्न तिथे सुटतच नाही.

निर्वाहासाठी दोन्हीकडे एकदम जाता येत नाही, एकच निवडावी लागते. जमीन गेली असेल तर मी प्रांताकडेच पाठवीन. मुलगा बोटीवर बक्कळ कमावत असेल, तर कोर्ट. मारहाण होत असेल तर आधी पोलीस. चौकशीला 14567 ही हेल्पलाइन आहेच.