दोघांनीच जायचं तर हॉटेलची खोली की व्हिला?

तुळशीच्या लग्नानंतर माझ्या भाच्याचं लग्न झालं. खानापूरला मोठं एकत्र घर, घरात पाहुणे अजून हललेले नव्हते, आणि त्याचा फोन आला. "मामा, तुम्ही दोन्हीकडं राहून आलाय. आम्ही तीन रात्री जाणार आहे. हॉटेल घेऊ की व्हिला?" फोनवर अर्धा तास बोललो तरी सांगायचं संपलं नाही. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या आणखी चार जोडप्यांच्या मनात हाच प्रश्न असणार, म्हणून सविस्तर लिहितो. खोलीत काय असतं आणि व्हिलात काय असतं हे सगळ्यांना माहीत आहे, त्यात वेळ घालवत नाही.

बेळगावातून दोघांसाठी निघायचं तर आम्ही दोन दिशा धरतो. एक वेंगुर्ला रस्ता, शिनोळीवरून चंदगड तालुका पार करून आंबोली. दुसरी पिरनवाडी, किणये करत जांबोटी, कणकुंबी आणि पुढं चोर्ला घाट. दोन्हीकडं नदीचा उगम आहे: आंबोलीला हिरण्यकेशी, कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी मलप्रभा. आंबोलीत हॉटेलांची सोय चांगली आहे, जांबोटीच्या पुढं झाडीत विखुरलेले बंगले आहेत. गोकाकचा धबधबा आमच्यासाठी सकाळी निघून संध्याकाळी घरी परतायचा, तिथल्या मुक्कामाचा मला अनुभव नाही.

आधी हॉटेलबद्दल. दोन वर्षांमागं जुलैत आम्ही आंबोलीला दोन रात्री राहिलो. खोली स्वच्छ होती, गादी कोरडी होती, गिझर पाच मिनिटांत तापत होता. सकाळी खाली गेलं की उप्पीट, इडली, चहा तयार. कुणाला काही सांगावं लागत नव्हतं. वीज दोनदा गेली, पण जनरेटर लगेच लागला. आंबोलीचा पाऊस म्हणजे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात. तिथं धुक्यात भिजून आल्यावर कोरडा टॉवेल मिळणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, ते भिजलेल्या माणसालाच कळतं. त्या हॉटेलच्या सेवेत मी खोट काढणार नाही.

तरीही पुढच्या खेपेला आम्ही हॉटेल घेतलं नाही. कारण होतं दाराखालची फट.

बोटभर रुंदीची फट असेल. बाहेरच्या पॅसेजमधला दिवा रात्रभर चालू, त्यामुळं फरशीवर उजेडाची एक पांढरी पट्टी पडायची. कुणी दारावरून गेलं की त्या पट्टीत पावलांची सावली हलायची. शनिवारी रात्री साडेअकराला शेजारच्या दोन-तीन खोल्यांत एक ग्रुप आला. माणसं वाईट नव्हती, सहलीला आलेली पोरं ती. पण दारं आपटत होती, "चार्जर कुणाकडं आहे?" हे वाक्य चार वेळा ऐकू आलं, आणि बाथरूमच्या भिंतीतून त्यांचं हसणं आमच्या खोलीत येत होतं. त्यांचं आम्हाला ऐकू येतं म्हणजे आमचंही त्यांना जाणार. मी हिच्याशी काहीतरी बोलायला लागलो तर ही म्हणाली, "हळू बोला की, बाहेर ऐकू जाईल."

हे वाक्य मला लागलं, आणि ते का लागलं हे कळायला आमचं घर माहीत असावं लागतं. आम्ही बेळगावातल्या वडगावचे. खाली कापड विणायचा माग, वर राहायची जागा. आमची खोली आणि आईबाबांची खोली यांच्यामध्ये फळ्यांची भिंत आहे, आणि पलीकडं भावाचा संसार. दिवसा माग चालू असतो तेव्हा दोन हातांवरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. रात्री माग थांबला की खोकलेलंसुद्धा घरभर ऐकू जातं, मग कुजबुजायचं. बावीस वर्षं आम्ही नवरा-बायको एकतर ओरडून बोललोय नाहीतर कुजबुजून. साध्या आवाजात, मनात आलं तसं बोलायची सवयच आम्हाला नाही. "हळू बोला की" हे मी घरी रोज ऐकतो. अडीच हजारांवर भाडं भरून, घाट चढून जाऊन तेच वाक्य पुन्हा ऐकायला मिळालं, तेव्हा आपण घरातून बाहेर पडलोच नाही असं वाटलं. त्या दोन रात्री आम्ही मुकाट्यानं टीव्ही बघितला. पलीकडचा आवाज दबावा म्हणून आवाज वाढवून.

दाराखाली टॉवेल लावता येतो, कोपऱ्यातली खोली मागता येते, आडवारी गेलं तर गर्दीही नसते. हे सगळं खरं आहे. आणि ज्यांचं घर स्वतंत्र आहे, ज्यांना रोज मोकळं बोलायला मिळतं, त्यांना ही फट दिसणारही नाही. प्रत्येकाला हे अडेल असं माझं म्हणणं नाही. मला अडलं.

व्हिला आम्ही गेल्या नोव्हेंबरच्या शेवटी घेतला, जांबोटीच्या पुढं, मंगळवार-बुधवार. एकच बेडरूम, पुढं ओसरी, भोवती काजूची झाडं. सांभाळणाऱ्या माणसाचं घर खाली दीडशे पावलांवर. संध्याकाळी त्यानं येऊन "वैनी, रात्री भाकरी-रस्सा चालेल न्हवं?" एवढं विचारलं, आठला डबे आणून ठेवले आणि गेला तो सकाळपर्यंत दिसला नाही.

जेवण झाल्यावर आम्ही ओसरीवर बसलो. मुलीला बारावीनंतर पुण्याला पाठवायचं की नाही, हा विषय आमच्यात वर्षभर अडकून पडला होता. हिला पाठवायचं होतं, मला खर्चाची भीती होती, आणि घरी विषय काढला की आईच्या कानावर जाणार म्हणून तो कुजबुजीतच विझायचा. त्या रात्री आम्ही भांडलो. मोठ्यानं, अगदी तोंड भरून. ही मला म्हणाली की तुम्ही प्रत्येक वेळी मागाचं कर्ज पुढं करता. मी तिला म्हणालो की तू हिशेबाची वही कधी उघडून बघत नाहीस. एवढ्या वर्षांत मी हिचा तो आवाज ऐकला नव्हता. तो आवाज मला आवडला, हे मी तिलाही सांगितलं. मग ही हसली, तीसुद्धा मोठ्यानं. एक वाजेपर्यंत आम्ही वही नसतानाच तोंडी हिशेब मांडला आणि मुलीला पाठवायचं ठरवलं. हॉटेलच्या खोलीत हे घडलं नसतं, निदान आमच्याबाबतीत तरी नाही.

आता व्हिलाच्या खोड्या. त्या न सांगता भाच्याला तिकडं पाठवलं तर तो मलाच धरेल.

पहिली म्हणजे दमटपणा. हॉटेलची खोली रोज उघडते, रोज वापरात असते. व्हिला शनिवार-रविवारी भरतो आणि मधले पाच दिवस कुलूपबंद. पावसाळ्यात चारी भिंती भिजणाऱ्या घरात पाच दिवस मिटून राहिलेली गादी कसा वास धरते ते कल्पनेनंच समजा. आमच्या ओळखीच्या एका जोडप्यानं ऑगस्टमध्ये असाच एक बंगला घेतला आणि दोन्ही रात्री अंगावर घरून नेलेली सोलापुरी चादर घेऊन सोफ्यावर काढल्या. जून ते सप्टेंबर जाणार असाल तर माझं मत सरळ हॉटेलच्या बाजूचं. पावसात पहाटे शीळकरी कस्तुर पक्ष्याची शीळ ऐकायला मिळते, ती दमट गादीवरूनही गोडच लागते म्हणतात. पण मी तेवढा सोसणारा नाही.

दुसरी, फोनची रेंज. कणकुंबीच्या बाजूला ती भरवशाची नाही. आम्हाला फाटकाजवळ एका ठरावीक दगडाशी उभं राहिलं तरच एखादी काडी मिळायची. घरी आजारी माणूस असेल तर हे गमतीचं राहत नाही. आईची गोळी बदलली होती म्हणून मी दिवसातून चार वेळा त्या दगडापाशी जात होतो. तशी काळजी मागं असेल तर बेळगावच्या जवळचं किंवा गावातलं हॉटेल बरं.

तिसरी, ओटा. स्वयंपाकघर आहे म्हटल्यावर हिनं घरून चहापूड, साखर, आलं, दोन प्रकारच्या चटण्या घेतल्या. पहिल्या सकाळी मला जाग आली तेव्हा ही चहा करून भांडी विसळत होती. ते बघून मला बरं वाटलं नाही. दुसऱ्या सकाळी मी आधी उठलो आणि चहा केला. नव्या नवऱ्यानं हे पहिल्याच दिवशी करावं.

पैशाचं थोडक्यात. हॉटेलची आमची खोली अठ्ठावीसशेला होती, व्हिला आडवारी साडेसहा हजारांना मिळाला. तोच शनिवारी नऊ हजार सांगत होते. इथं एक रेष लक्षात ठेवा: २२ सप्टेंबर २०२५ पासून एका रात्रीचं भाडं साडेसात हजारांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के, त्याच्या वर गेलं की १८ टक्के, आणि तो पूर्ण भाड्यावर. म्हणजे ७,४०० रुपयांचा व्हिला करासकट ७,७७० ला पडतो आणि ८,००० चा ९,४४० ला. भाड्यात फरक सहाशेचा, खिशातून मात्र १,६७० जास्त जातात. त्यामुळं मालकाशी घासाघीस करायची तर ती या रेषेच्या अलीकडं येण्यासाठी करावी. तरीही व्हिला हॉटेलच्या दुपटीहून महागच राहतो. हॉटेलच्या दोन रात्रींऐवजी आम्ही व्हिलाची एक घेऊ, हा आमचा हिशेब, दुसऱ्याचा वेगळा असू शकतो.

आणखी एक, जे लोक सांगायला संकोचतात. आपल्याच गावातल्या हॉटेलात आपल्याच पत्त्याचं आधार कार्ड दाखवलं की काही ठिकाणी काउंटरवरची नजर बदलते, कुठं कुठं स्थानिकांना खोली देतच नाहीत. नव्या नवरीला तो क्षण नकोसा होतो. फोनवर आधीच विचारून घ्यावं. व्हिलावाल्यानंही दोघांची ओळखपत्रं मागितली, पण ती फोनवर पाठवून काम झालं, समोर उभं राहून उत्तरं द्यावी लागली नाहीत.

भाच्याला मी शेवटी असं सांगितलं. पहिला दिवस गाडी, गर्दी, नमस्कार यांत जाणार, रात्री उशिरा पोचाल, तेव्हा पहिली रात्र हॉटेलात काढा. तिथं नुसतं झोपायचं असतं. उरलेल्या दोन व्हिलात, सोमवारनंतरच्या. बुकिंग करताना खोल्यांचे फोटो मागू नका, तीन गोष्टी विचारा. सांभाळणारा माणूस किती पावलांवर राहतो, आधीच्या आठवड्यात घर उघडलं होतं का, आणि ओसरीवरच्या मोठ्या दिव्याचं बटण आत आहे की बाहेर. आमच्या व्हिलात ते आत होतं. दिवा मालवला आणि मग हिनं तोंड उघडलं.