जुनी नॉर्स मुलांची नावे : नॉर्वेतील दोन मोफत संकेतस्थळांचे परीक्षण

नॉर्वेत राहून मुलासाठी जुने नॉर्स, म्हणजे व्हायकिंगकालीन स्कँडिनेव्हियाच्या भाषेतले, नाव शोधणाऱ्या मराठी पालकांना मोबाइलवर अ‍ॅपची वानवा नाही. आम्ही त्यांपैकी एक पैसे भरून घेतले, आणि त्यात ‘व्हायकिंग नावे’ या सदरात मॅग्नस आणि ऑस्कर ही दोन्ही नावे ठळकपणे दिलेली होती. मॅग्नस हा मुळात ‘महान’ या अर्थाचा लॅटिन शब्द. १०४७ साली मरण पावलेला नॉर्वेचा राजा मॅग्नस याला ते सम्राट शार्लमेनच्या, म्हणजे कारोलुस माग्नुसच्या, नावावरून दिले गेले, असे जुने सागाकार, म्हणजे मध्ययुगीन आइसलँडिक गद्यकथांचे लेखक, सांगतात. ऑस्कर तर आयरिश दंतकथांतून आले आणि १९व्या शतकात स्वीडनच्या राजघराण्यामुळे उत्तरेकडे रुळले. मुलाला आयुष्यभर बाळगायच्या नावाचा अर्थ इतका निष्काळजीपणे सांगितला जावा, हे मला मान्य नाही.

याउलट ‘स्टोरे नोर्स्के लेक्सिकॉन’ या नॉर्वेजियन विश्वकोशाचे संकेतस्थळ एक पैसाही न घेता नावाचे मूळ रूप, त्याचे घटक आणि त्यांचे अर्थ देते. लाइफ म्हणजे वारस. आर्ने हे गरुडवाचक शब्दावरून आलेले. उल्फ म्हणजे लांडगा. ब्यर्न म्हणजे अस्वल. अशा एकपदी नावांत फारसे अडत नाही. खरी कसोटी जोडनावांची. हाराल्डमध्ये सैन्य आणि सत्ता हे दोन घटक आहेत, सिगुर्डमध्ये विजय आणि रक्षक, ओलाव्हमध्ये पूर्वज आणि वारस. अ‍ॅप अशा दोन शब्दांची मोट बांधून एक भारदस्त वाक्य तयार करते. पण जुन्या काळी घटक बहुधा नातलगांच्या नावांतून उचलले जात, त्यामुळे जोडून अर्थ लागलाच पाहिजे असे नव्हते. गुन्हिल्ड या मुलीच्या नावातील दोन्ही भागांचा अर्थ ‘युद्ध’च आहे, यावरून ते लक्षात येईल.

कधी जोड विचारपूर्वकही केली जाई. आइसलँडच्या एर्बिग्या सागात थोरोल्फ हा ‘थोर’ नावाच्या मेघगर्जनेच्या नॉर्स देवाचा भक्त आपला मुलगा स्टेन, म्हणजे ‘दगड’, देवाला अर्पण करतो आणि त्याचे नाव थोरस्टेन ठेवतो. पुढे थोरस्टेनही आपल्या ग्रिम नावाच्या मुलाला तसेच अर्पण करून थोरग्रिम करतो. ‘थोरचा दगड’ एवढाच अर्थ वाचून जे हाती लागत नाही, ते या दोन पिढ्यांच्या हकिकतीतून लागते, आणि नाव निवडताना मला तेच मोलाचे वाटते.

दुसरे संकेतस्थळ नॉर्वेच्या सांख्यिकी कार्यालयाचे, म्हणजे एसएसबीचे. तेथे नाव टाकले की देशात ते किती जणांचे आहे हे कळते. तीन किंवा त्याहून कमी लोकांचे असेल तर आकडा दाखवत नाहीत, आणि खासगीपणाच्या दृष्टीने ते योग्यच आहे. १८८० पासूनचा आलेखही मिळतो. जुनी नावे राजकीय कारणानेही उजळतात, हे येथे ध्यानात ठेवावे : १९०५ साली डेन्मार्कचा राजपुत्र कार्ल नॉर्वेचा राजा झाला तेव्हा त्याने होकोन हे जुने नाव घेतले आणि त्याच्या दोन वर्षांच्या मुलाचा, अलेक्झांडरचा, ओलाव्ह झाला. नावाचा अर्थ मात्र एसएसबी सांगत नाही, म्हणून दोन्ही संकेतस्थळे शेजारी शेजारी उघडून बसावे लागते. विश्वकोश नॉर्वेजियन भाषेत आहे. भाषांतराची सोय वापरली तरी काम भागते, फक्त जुन्या रूपांची अक्षरे मूळ पानावरच पाहावीत.

बाराव्या दिवशी बारसे उरकणाऱ्या आपल्या घरांना नॉर्वेची मुदत ऐसपैस वाटेल : जन्मानंतर सहा महिन्यांच्या आत नाव कळवायचे असते. तेवढ्या वेळात आजी-आजोबांना फोनवर ते नाव हाक मारून पाहायला सांगावे; आर्ने आणि ईवार मराठी तोंडी सहज बसतात, ब्यर्न बसत नाही. शिवाय ब्यर्नमधील आडवी रेघ असलेले ‘ओ’ अक्षर पासपोर्टच्या तळाशी असलेल्या यंत्रवाचनीय ओळींत ‘ओ’ आणि ‘ई’ अशा दोन अक्षरांनी लिहिले जाते. भारताचे तिकीट आणि व्हिसा काढताना दोन्ही स्पेलिंगे समोर ठेवूनच अर्ज भरावा.