गरम इंजिन पुन्हा सुरू न होण्याचे निदान : एका गॅरेजच्या सेवेविषयी
थंड असताना पहिल्याच सेल्फला सुरू होणारी, पण लांबच्या प्रवासानंतर बंद केली की निवेपर्यंत दाद न देणारी जुनी पेट्रोल गाडी मी या गॅरेजमध्ये दिली, तेव्हा मेकॅनिकने एकही भाग बदलण्याआधी इंजिन मुद्दाम तापवून दोष स्वतःसमोर घडू दिला, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. स्टार्टर इंजिन नेहमीच्या वेगाने फिरवत असल्याने बॅटरीवरचा संशय लगेच मिटला. इंधनाचा दाब गेजवर टिकून होता. स्पार्क (पेट्रोल पेटवणारी ठिणगी) मात्र गायब होता आणि इंजेक्टरलाही (पेट्रोल फवारणाऱ्या भागालाही) सिग्नल मिळत नव्हता. ही दोन्ही लक्षणे एकत्र दिसली की क्रँकशाफ्ट सेन्सर (इंजिनाचा मुख्य दांडा फिरत असल्याचे गाडीच्या संगणकाला कळवणारा भाग, ज्यावरून स्पार्क आणि इंजेक्टरची वेळ ठरते) तपासावा लागतो, कारण त्यातील तारेचे वेटोळे उष्णतेने आतून तुटू शकते आणि निवल्यावर पुन्हा जुळते. स्कॅनरवर दोष दाखवणारा एकही कोड नव्हता (जुन्या गाड्यांत हे नवल नाही), तरी सेन्सरवर थंड पाणी ओतताच इंजिन सुरू झाले. नवा सेन्सर बसवल्यावर त्यांनी गाडी पुन्हा तापवून पाहिली. तक्रार एवढीच, की बिलात निदानाची मजुरी वेगळी दाखवलेली नव्हती.