तांबं, ॲल्युमिनियम की जस्त? शेअर फिरवण्याआधी कुठला आकडा बघायचा

जालन्याच्या सळईबाजारात वावरणाऱ्याला ‘मेटल शेअर’ म्हटलं की पोलाद आठवतं. इथे पोलाद बाजूला ठेवू. तांबं, ॲल्युमिनियम आणि जस्त यांचे भाव लंडनच्या एलएमईवर, म्हणजे लंडन मेटल एक्स्चेंज या धातूबाजारात ठरतात आणि प्रत्येकाची नाडी वेगळ्या ठिकाणी लागते.

तांब्याची नाडी चीनमध्ये. जगातलं निम्म्याहून जास्त तांबं तिथेच खपतं, म्हणून महिनाअखेरीला येणारा चीनचा सरकारी पीएमआय आधी बघावा. हा कारखान्यांच्या खरेदी व्यवस्थापकांना विचारून काढलेला निर्देशांक; 50 च्या वर म्हणजे कामकाज वाढतंय, खाली म्हणजे घटतंय. नुसता 50 च्या वर की खाली, एवढ्यावर जाऊ नये. त्यातला नव्या ऑर्डरींचा आकडा सलग दोन महिने चढला तरच दखल घ्यावी. जानेवारी-फेब्रुवारीचे आकडे चिनी नववर्षाच्या सुट्टीने वाकडेतिकडे होतात, ते सोडून द्यावेत. मग एलएमईच्या गोदामातला साठा. मोंढ्यातली आवक बघून तुरीचा अंदाज बांधणाऱ्याला हे शिकवायला नको. साठा घटतोय आणि रोखीचा भाव तीन महिन्यांपुढच्या भावाच्या वर गेलाय, तर माल खरंच कमी आहे. पीएमआय वर आणि साठाही वाढताच, तर ती तेजी बहुधा सट्ट्याची.

बहुतेकांचा घोटाळा इथून पुढे होतो. तांबं वाढणार हे बरोबर ओळखतात आणि शेअर चुकीचा घेतात. हिंदुस्तान कॉपर मलांजखंडसारख्या खाणींतून कॉन्सन्ट्रेट, म्हणजे तांब्याचं प्रमाण वाढवलेली खनिजाची भुकटी, काढून विकते, त्यामुळे भाववाढ थेट तिच्या पदरात पडते. हिंदाल्कोचा दहेजचा कारखाना मात्र विकतचं कॉन्सन्ट्रेट गाळतो आणि त्याची मुख्य कमाई म्हणजे गाळण्याचा मोबदला, टीसी-आरसी. 2024 च्या वार्षिक करारांचा मानक दर कॉन्सन्ट्रेटच्या टनाला 80 डॉलर आणि तांब्याच्या पौंडाला 8 सेंट होता. 2025 साठी तो 21.25 डॉलर आणि 2.125 सेंटवर आला. एक टन तांब्याला साधारण चार टन कॉन्सन्ट्रेट लागतं असं धरलं, तर टन तांब्यामागचा मोबदला सुमारे 500 डॉलरवरून 130 वर घसरला. खाणींचा माल कमी पडला की भाव चढतो आणि त्याच कारणाने गाळणाऱ्याची मजुरी पडते. गाळताना निघणारं गंधकाम्ल आणि तांब्याच्या रॉडची विक्री थोडा आधार देते, पण तांब्यासाठी म्हणून हिंदाल्को घेऊ नये. शिवाय तिच्या उलाढालीचा अर्ध्याहून मोठा भाग नोव्हेलिस या तिच्या परदेशी ॲल्युमिनियम कंपनीचा, आणि नोव्हेलिस पत्रे लाटण्याच्या मजुरीवर चालते.

ॲल्युमिनियम म्हणजे घट्ट केलेली वीज. टनाला 14,000 युनिटांच्या आसपास जाते. मार्च 2022 मध्ये भाव 4,000 डॉलरच्या वर गेला, तरी महाग विजेमुळे युरोपातले कारखाने उत्पादन कापत होते. म्हणून धातूच्या भावासोबत वीज बनवायला लागणाऱ्या कोळशाचा भाव ठेवून बघावा: धातू स्थिर आणि कोळसा स्वस्त, हा योग तांब्याच्या तेजीपेक्षा शांत, पण मला जास्त भरवशाचा वाटतो. चीनने आपली क्षमता साडेचार कोटी टनांवर बांधून ठेवलीय, त्यामुळे पुरवठ्याला वरून झाकण आहे. नाल्को ही सरकारी ॲल्युमिनियम कंपनी घेणाऱ्याने ॲल्युमिनाचा, म्हणजे ज्यापासून ॲल्युमिनियम बनतं त्या पांढऱ्या भुकटीचा, भाव वेगळा बघावा. ती जास्तीचा ॲल्युमिना बाहेर विकते. 2024 च्या शेवटी तो 800 डॉलरच्या वर गेला आणि पुढच्या वर्षी धाडकन खाली आला. नफाही त्याच वाटेने जातो.

वाळूजला डायकास्टिंगचा, म्हणजे वितळलेलं ॲल्युमिनियम साच्यात ओतून गाड्यांचे भाग बनवण्याचा व्यवसाय असेल, तर ॲल्युमिनियमच्या शेअरचा आणखी एक उपयोग आहे. धातू महागला की गाडी कंपनीकडून दरवाढ मिळेपर्यंत तुमचं मार्जिन अडकतं. तेवढा काळ शेअर थोडी भरपाई करतो. गाड्यांची मागणीच बसली, तर मात्र दोन्ही एकदम बसतात.

जस्ताचं थोडक्यात. निम्म्याच्या आसपास जस्त गॅल्व्हनायझिंगला, म्हणजे पोलादाला गंजू नये म्हणून जस्ताचा थर द्यायला जातं: जीआय पत्रा, पाइप, टॉवर. सळईच्या खपावरून जस्ताचा अंदाज काढू नये, साध्या सळईवर जस्त नसतं. आणि हिंदुस्तान झिंक घेताना आपण चांदीही घेतोय हे लक्षात असू द्यावं. जस्त पडलं तरी चांदीमुळे शेअर चढू शकतो. शिशासाठी वेगळा शेअर शोधू नका, ते याच कंपनीत येतं. निकेलच्या नादी लागू नका.

आता फिरवण्याचा, म्हणजे एक शेअर विकून दुसरा घेण्याचा खर्च. समजा तीन लाखांचे शेअर आठ महिन्यांत 3.60 लाख झाले. आज विकले तर 60,000 च्या नफ्यावर 20 टक्के कर आणि सेस धरून 12,480 रुपये जातात. घेतल्यापासून वर्ष उलटल्यावर विकले, तर त्या वर्षात दुसरा दीर्घकालीन नफा नसल्यास सव्वा लाखाच्या सवलतीत कर शून्य. म्हणजे नवा शेअर त्या चार महिन्यांत जुन्यापेक्षा निदान साडेतीन टक्के पुढे पळणार असेल, तरच घाई परवडते. एकदम सगळं न हलवता एक तृतीयांश हलवावं, आणि पुढचा हप्ता पुढचा पीएमआय व साठा दोन्ही एका दिशेला असतील तरच. एमसीएक्स या वायदेबाजारातला वायदा हा यावरचा स्वस्त पर्याय नव्हे: तांब्याचा एक लॉट अडीच टनांचा असतो, किलोमागे दहा रुपये उलटे गेले की 25,000 गेले.