जुन्या सुझुकीला दोन इंचांची लिफ्ट: काही महिन्यांचा वापर आणि खर्चाचा हिशेब

जुन्या फोर बाय फोरला सस्पेन्शन लिफ्ट करायला, म्हणजे सस्पेन्शन बदलून चासी आणि बॉडी चाकांपासून उंच उचलायला, किती खर्च येतो, असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, गाडीखाली शेवटचं कधी शिरला होतात? किटची किंमत कुठेही पाहता येते. खरा खर्च ठरतो तो गंजून बसलेल्या बोल्टांवर, झिजलेल्या बुशांवर (सांध्यांतली रबरी अस्तरं) आणि गाडी उंच झाल्यावर ज्यांचे कोन बदलतात त्या शाफ्टवर (चाकांकडे इंजिनाचा जोर नेणारे दांडे) आणि स्टीअरिंगवर. माझ्या गाडीला दोन इंचांची, म्हणजे साधारण 50 मिमीची लिफ्ट करून आता बरेच महिने झाले. हायवे, खडकाळ चढ, चिखल, सामानाने भरलेली गाडी, रिकामी गाडी, सगळं करून झालंय.

गाडी सुझुकीच्या एसजे413 घराण्यातली. समुराई, जिम्नी, जिप्सी अशा नावांनी ती ठिकठिकाणी विकली गेली, पण खालची रचना एकच: लॅडर चासी, पुढे-मागे सलग अ‍ॅक्सल, चारही कोपऱ्यांना पाटे (लीफ स्प्रिंग) आणि गिअरबॉक्सपासून वेगळा बसवलेला ट्रान्सफर केस (पुढे-मागे जोर वाटणारी गिअरची पेटी). अशीच रचना असलेल्या दुसऱ्या कुठल्याही जुन्या गाडीला यातलं बरंचसं जसंच्या तसं लागू पडेल.

पैशांचे आकडे सांगून उपयोग नाही, ते जागेप्रमाणे आणि काळाप्रमाणे बदलतात. म्हणून मी किटची किंमत 100 धरतो आणि बाकीचा खर्च त्या प्रमाणात सांगतो. किट म्हणजे नवे पाटे, लांब शॉकअ‍ॅब्सॉर्बर, शॅकल (पाट्याचं एक टोक चासीला जोडणारी हलती पट्टी) आणि यू बोल्ट (पाटा अ‍ॅक्सलला आवळणारे). त्यावर जुन्या भागांची दुरुस्ती 40 च्या आसपास गेली, मजुरी 35, आणि पाचरी (अ‍ॅक्सलचा कोन बदलणारे निमुळते तुकडे), बंप स्टॉप (अ‍ॅक्सल चासीवर आदळू न देणारे रबर), अलाइनमेंट असं किरकोळ मिळून 10. म्हणजे टायर न धरताच बिल किटच्या दुपटीच्या जवळ गेलं. टायर धरले, तेही स्टेपनीसकट पाच, तर तिपटीच्या थोडं अलीकडे. गाडी वयाने जास्त किंवा गंजाच्या हवेतली असेल तर दुरुस्ती आणि मजुरी हे दोन आकडे आणखी वर जातात. किटचा आकडा मात्र तेवढाच राहतो, आणि लोक बजेट त्याच एका आकड्यावर धरतात.

आधी हे पक्कं करा की लिफ्ट हवीय कशासाठी. सलग अ‍ॅक्सलच्या गाडीत पाटे उंच केल्याने डिफरेन्शियलच्या (अ‍ॅक्सलवरच्या गिअरच्या फुगीर पेटीच्या) खालची मोकळी जागा एक मिलिमीटरही वाढत नाही, कारण अ‍ॅक्सल चाकांच्या मध्यावरच राहतो. चासी आणि बॉडी तेवढी वर जाते. चढाला पुढचा बंपर टेकत नाही, उंचवट्यावर पोट घासत नाही आणि मोठ्या टायरला जागा होते. अ‍ॅक्सलखालची जागा वाढते ती फक्त टायरने, तीही व्यासातल्या वाढीच्या निम्मी. माझे मूळ टायर 205/70 आर15, व्यास साधारण 668 मिमी. मी 215/75 आर15 घेतले, व्यास साधारण 703 मिमी. म्हणजे अ‍ॅक्सलखाली जेमतेम 18 मिमी मिळाले. 235/75 आर15 घेतले असते तर 33 मिमी मिळाले असते, पण त्या टायरचा व्यास मूळ टायरपेक्षा जवळपास 10 टक्क्यांनी मोठा. 1.3 लिटरच्या इंजिनाला प्रत्येक चढावर एक गिअर खाली यावं लागलं असतं आणि मग ट्रान्सफर केसमध्ये खालच्या रेशोचे गिअर बसवण्याचा नवा खर्च उभा राहिला असता. माझ्या वापराला 18 मिमी पुरतात. टायरचा आकार ठरल्याशिवाय लिफ्टचं बजेट ठरतच नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

स्वस्तातले मार्ग मी सगळे तपासले. लांब शॅकल सर्वांत स्वस्त, पण शॅकल जेवढा लांब कराल त्याच्या निम्मीच उंची मिळते. 50 मिमीसाठी शॅकल 100 मिमीने वाढवावा लागतो आणि मग गाडी बाजूला डुलायला लागते. शिवाय या गाड्यांत पुढच्या पाट्यांचा शॅकल पुढच्या टोकाला असतो. तो लांबवला की अ‍ॅक्सल पुढे झुकतो, कॅस्टर, म्हणजे चाक ज्या आसाभोवती वळतं त्याचा मागचा कल, कमी होतो आणि स्टीअरिंग सरळ राहायला तयार नसतं. जुन्या पाट्यांत एक जादा पान घालणं हा दुसरा मार्ग. उंची येते, पण बाकीची पानं थकलेलीच राहतात, गाडी दणके देते आणि पुन्हा बसते. पाटा आणि अ‍ॅक्सलमध्ये ठोकळा घालणं हा मार्ग ज्या गाड्यांत पाटे अ‍ॅक्सलच्या वर असतात त्यांच्यासाठीच, तोही फक्त मागे आणि लहान. या गाडीत पाटे अ‍ॅक्सलच्या खाली आहेत, त्यामुळे ठोकळ्याने ती उलट खाली येते. पुढच्या अ‍ॅक्सलला ठोकळा कधीही नको, ब्रेकचा आणि स्टीअरिंगचा सगळा जोर त्या सांध्यावर येतो. बॉडी लिफ्ट म्हणजे सस्पेन्शन लिफ्ट नव्हे, त्यात चासी जागेवरच राहते.

राहिला तो पाटे अ‍ॅक्सलच्या खालून काढून वर बसवण्याचा प्रकार. कागदावर तो किटपेक्षाही स्वस्त दिसतो, कारण पाटे जुनेच वापरतात. पण गाडी एकदम पाचेक इंच वर जाते. मग ड्रॅग लिंक (स्टीअरिंग बॉक्सपासून चाकांकडे जाणारी दांडी) वेगळी हवी, ब्रेक होज (ब्रेक तेलाच्या लवचिक नळ्या) लांब हवेत, शाफ्टचं काम आलं, अ‍ॅक्सलवर नव्या बैठका वेल्ड करणं आलं. ज्यांना खडकांवरच खेळायचंय त्यांच्यासाठी तो चांगला आहे. रोज चालवायच्या गाडीसाठी मी तो कुणाला सुचवणार नाही.

पाटे किती कडक घ्यावेत, यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला आणि तोच सर्वांत जास्त फळला. किटमध्ये बहुधा हलक्या, मध्यम आणि जड भाराचे पाटे असा पर्याय असतो. जड म्हणजे मजबूत, मजबूत म्हणजे चांगलं, असं समजून लोक जड पाटे घेतात. मी गाडी नेहमीच्या सामानासकट, टाकी भरून, माणसं बसवून वजनकाट्यावर नेली, पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल वेगवेगळा तोलला आणि त्यावरून पुढे हलके, मागे मध्यम असे पाटे निवडले. लोखंडी बंपर किंवा विंच लावायचा विचार असेल तर तो आधी पक्का करून ते वजन धरूनच पाटे घ्या. नंतर पाटे बदलणं म्हणजे निम्मं बिल पुन्हा भरणं. या निवडीचा परिणाम मला रोज जाणवतो. खडबडीत कच्च्या रस्त्यावर रिकामी गाडी उसळत नाही आणि भरलेली गाडी मागे बसत नाही. जड पाट्यांवरची अशीच एक गाडी मी चालवून पाहिलीय, एकटा माणूस बसला की तिचे पाटे जणू हलतच नाहीत.

आता मजुरी. जुन्या गाडीत पाट्याच्या डोळ्यातला (टोकाच्या गोल भोकातला) बोल्ट बुशच्या आतल्या नळीत गंजून एकजीव झालेला असतो. पाना लावला की बोल्टाबरोबर नळी फिरते, रबर फाटतं आणि शेवटी कापावंच लागतं. माझ्या गाडीचे मागचे दोन बोल्ट असेच कापून काढावे लागले. हे गृहीत धरूनच मजुरी ठरवा, म्हणजे कामाच्या मध्यात मिस्त्रीशी वाद होत नाही. आठवडाभर आधीपासून रोज बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारत राहिलात तर एखाददुसरा वाचतो. शॅकलच्या बैठकीभोवतीची चासी तारेच्या ब्रशने घासून, हातोडीने ठोकून बघा. तिथे चासी पोकळ झाली असेल तर लिफ्टचे पैसे आधी वेल्डिंगला जाऊ द्या.

यू बोल्ट नवेच घ्या. एकदा आवळलेला यू बोल्ट ताणला गेलेला असतो, तो पुन्हा वापरू नये. रबरी बुश असतील तर डोळ्याचे बोल्ट गाडी जमिनीवर उतरवून, चाकांवर वजन आल्यावरच शेवटचे आवळावेत. जॅकवर असताना आवळले तर बुश कायम पिळलेल्या अवस्थेत राहतो आणि लवकर फाटतो. मी गाडीखाली बसून हे स्वतः करून घेतलं. पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर यू बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासले, प्रत्येक थोडा थोडा फिरला. हे सगळ्याच नव्या पाट्यांत होतं, त्यामुळे ती फेरी बजेटमध्ये धरा.

नवे पाटे बसतात, म्हणजे खाली येतात. बसवल्यावर पुढे 60 मिमीच्या वर उंची मिळाली होती, ती काही आठवड्यांत 50 च्या आसपास येऊन थांबली. मोजायचं असेल तर हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा, जमिनीपासून नको. म्हणजे टायरच्या हवेने आणि आकाराने आकडा बदलत नाही. हेडलाइटचा झोत आणि अलाइनमेंट यासाठीच पाटे बसल्यावर करावं, म्हणजे दोनदा पैसे जात नाहीत. हेडलाइट तर खाली करायलाच हवेत, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत झोत जातो.

स्टीअरिंगबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण लिफ्टनंतरच्या सगळ्यात जास्त तक्रारी इथे असतात. गाडी उंच झाली की ड्रॅग लिंक तिरपी होते आणि स्टीअरिंग व्हील मध्यावरून सरकतं. लिंकची लांबी जुळवून ते सरळ होतं, पण खड्ड्यात चाक वर गेलं की स्टीअरिंगला हलका झटका येतो. 50 मिमीला तो नगण्य आहे, त्याहून जास्त उंचीला तो त्रास देतो. हायवेवर गाडी जराशी भरकटायची, म्हणून पुढच्या अ‍ॅक्सलखाली अडीच अंशांच्या पाचरी घालून कॅस्टर परत मिळवला. पाचर पोलादाची घ्या, मऊ धातूची पाचर भाराखाली चेपते आणि यू बोल्ट सैल पडतात. कॅस्टर वाढला की पुढच्या डिफरेन्शियलचं नाक खाली जातं आणि पुढच्या शाफ्टचा कोन वाढतो. माझ्या गाडीला फ्री व्हील हब आहेत, ते मोकळे ठेवले की रस्त्यावर तो शाफ्ट फिरतच नाही, त्यामुळे ही देवाणघेवाण मला परवडली.

चाकं थरथरत असतील तर आधी किंगपिन बेअरिंग (पुढचं चाक ज्या खुंटीवर वळतं तिची बेअरिंग) तपासा. एसजेमध्ये ती झिजलेली असतात आणि मोठा टायर लावला की थरथर उघडी पडते. पुष्कळ जण अशा वेळी नवा स्टीअरिंग डँपर लावतात. त्याने थरथर लपते, बेअरिंग झिजत राहतं. मी लिफ्टच्या कामातच बेअरिंग बदलली, तेव्हा अ‍ॅक्सलचं टोक उघडलेलंच होतं, वेगळी मजुरी लागली नाही.

मागच्या शाफ्टबद्दल एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. पूर्ण नवे पाटे लावून गाडी सरळ वर गेली, तर ट्रान्सफर केसच्या आणि डिफरेन्शियलच्या टोकांचे कोन सारखेच वाढतात. दोन्ही कोन समान असले की शाफ्ट सुरळीत फिरतो. तरीही थरथर आली तर दोष बहुधा जुन्या क्रॉसचा (शाफ्टच्या टोकाचा वळता सांधा) किंवा झिजलेल्या स्प्लाइनचा (शाफ्टचे सरकते दाते) असतो. तिथे पाचर घातलीत तर सारखे असलेले कोन बिघडतात. मला एका ठरावीक वेगाला हलका घूं असा आवाज येत होता, दोन्ही क्रॉस बदलल्यावर तो पूर्ण गेला.

ब्रेक होजवर काटकसर करू नका. गाडी चासीवर उचलून अ‍ॅक्सल पूर्ण लटकू द्या, एक बाजू लटकती ठेवून दुसरी वर उचला आणि होज कुठे ताणला जातो ते बघा. झोका थांबवायचं काम शॉकअ‍ॅब्सॉर्बरने किंवा पट्ट्याने करावं, होजने कधीच नाही. मी सगळीकडे लांब होज घातले, एकूण बिलात तो खर्च दिसतही नाही. ज्या गाड्यांना मागच्या ब्रेकचा दाब भारानुसार कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह आहे, त्यांत त्याची दांडी नव्या उंचीला जुळवावी लागते. नाहीतर गाडी रिकामी आहे असं धरून तो मागचा दाब कमी ठेवतो.

रस्त्यावर गाडी आता वळणावर थोडी जास्त कलते, वाऱ्यात जास्त ढकलली जाते आणि गुरुत्वमध्य वर गेलाय हे विसरून चालत नाही. उताराच्या आडव्या बाजूने जाताना मी पूर्वीपेक्षा लवकर थांबतो. इंधन थोडं जास्त लागतं. स्पीडोमीटर 60 दाखवतो तेव्हा गाडी 63 च्या आसपास असते. विमा कंपनीला आणि नोंदणी खात्याला बदल कळवावा लागतो का, हे काम हातात घेण्याआधी पाहा. अपघातानंतर विमा नाकारला गेला तर वाचवलेले पैसे कितीतरी पटीने जातात.

शॉकअ‍ॅब्सॉर्बर अजून कोरडे आहेत, पाट्यांची पानं सरकलेली नाहीत, टायर चारही सारखे झिजतायत. एकच गोष्ट मनासारखी नाही, ती म्हणजे किटबरोबर आलेले पॉलियुरेथेन बुश. ग्रीस धुऊन गेलं की ते किरकिरतात आणि चिखलातून आल्यावर प्रत्येक वेळी ग्रीस मारावं लागतं. मागच्या शॅकलमधले पुढच्या सर्व्हिसला काढून तिथे रबरी बुश घालणार आहे. ते तुलनेने लवकर झिजतील, पण आवाज करणार नाहीत आणि चाकं उलटसुलट झुलताना पाट्याला अधिक मोकळेपणाने वळू देतील. पुढचे मात्र पॉलियुरेथेनच ठेवतो, स्टीअरिंगला त्यांचा घट्टपणा उपयोगी पडतोय.