एक्स्पल्सच्या अ‍ॅक्सेसरी: एक पावसाळा आणि एक ऊसहंगाम वापरून

मोटरसायकल हिरो एक्स्पल्स २०० फोरव्ही. एरवी कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीत ये-जा, सुट्टी मिळाली की गगनबावडा, भुईबावडा घाट नाहीतर भुदरगडकडच्या आडवाटा. बॅश प्लेट (इंजिनाखालचं संरक्षक पत्र्याचं कवच), क्रॅश गार्ड, हँडगार्ड, एलईडी दिवे आणि मागचा रॅक असा सगळा साज चढवला. दुकानात गिऱ्हाईक रंग आणि पावडर कोटिंग बघतं. मी आता आधी ब्रॅकेट आणि बोल्ट बघतो.

क्रॅश गार्डचंच घ्या. माझ्या गार्डचं एक भोक माउंटिंगला जुळेना. फिटर म्हणाला, "पहार घालून ओढतो, बसतंय की." मी नको म्हटलं. ओढून बसवलेल्या गार्डचा ताण कायम राहतो आणि थरथरीनं एक दिवस बोल्ट तरी तुटतो नाहीतर वेल्डिंग तरी. उद्यमनगरात लेथवर स्पेसर, म्हणजे मधली फट भरणारा तुकडा, करून घेतला, विषय संपला. याबाबतीत आपण कोल्हापूरकर नशीबवान, असलं किरकोळ काम चहा होईस्तोवर करून मिळतंय. बसवताना सगळे बोल्ट आधी हातानं लावायचे, गार्ड जागेवर आला की मगच आवळायचे.

बॅश प्लेटनं पैसे वसूल केले. जांभ्याचे दगड थेट इंजिनाच्या पोटाला लागायचे, ते थांबलं. मात्र इंजिनाचा आवाज जरा वाढतो आणि पावसात प्लेट-इंजिनाच्या मधे लाल चिखल भरतो. वाळला की विटेसारखा घट्ट. इंजिनाची उष्णता कोंडते, ओल धरून बोल्ट गंजतात. धुताना पाण्याचा पाइप बाजूनं आत मारा. घेताना ऑइलच्या ड्रेन बोल्टखाली भोक आहे ना ते बघा, नसेल तर दर सर्व्हिसिंगला प्लेट खोलत बसाल.

हँडगार्ड आत अ‍ॅल्युमिनियमची पट्टी असलेलेच घ्या. नुसत्या प्लास्टिकचे वारा-पाऊस अडवतात, गाडी पडल्यावर ब्रेक-क्लचचे लिव्हर वाचवत नाहीत. बसवल्यावर हँडल दोन्हीकडं पूर्ण वळवून अ‍ॅक्सिलरेटर पिळून सोडा. तो झटकन परत आला पाहिजे. ग्रिप गार्डला घासून अडकली तर घाटात जिवावर बेतेल.

खरी परीक्षा चिखलानं नाही, उसाच्या ट्रॅक्टरांनी उखडलेल्या रस्त्यानं घेतली. रोजच्या खडखडाटानं नट ढिले होतात. निळं थ्रेडलॉकर (बोल्टच्या आट्यांना लावायचा चिकट द्रव) वापरा. लाल नको, ते खोलायला तापवावं लागतं. प्लास्टिकला लागू देऊ नका, तडे जाऊ शकतात. ८.८ ग्रेडच्या (बोल्टच्या मजबुतीचा आकडा) एम८ म्हणजे ८ मिलिमीटरच्या बोल्टला आवळताना साधारण २५ न्यूटन मीटर जोर, एम६ ला १० पुरे. आवळल्यावर नट आणि ब्रॅकेटवर मिळून मार्करची एक रेघ ओढतो. रेघ सरकली की नट फिरला, तपासायला पाना लावायचीही गरज नाही.

दिवे प्रत्येकी २० वॉटचे दोन, पिवळे. गगनबावड्याच्या धुक्यात पांढरा उजेड उलटा आपल्याच डोळ्यांवर येतो. १२ व्होल्टवर जोडी साडेतीन अँपिअरच्या आतच ओढते, तरी रिले (दिव्यांचा करंट स्विचमधून जाऊ न देणारा विजेचा खटका) आणि ५ अँपिअरचा फ्यूज हवाच. जोडांवर इन्सुलेशन टेप नको, उन्हात डिंक पाघळतो. हिट श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आवळून बसणारी नळी) लावा. आणि गावात शिरलं की दिवे बंद करा राव, समोरच्याला काय दिसणार?

रॅक काढून ठेवलाय. सामान मागच्या चाकाच्याही मागं लटकलं की पुढचं चाक हलकं पडतं आणि चिखलात भरकटतं. बायकोला घेऊन गोव्याला जायचं ठरलं तर परत लावीन.